तेवीस मुलांचा पत्ता

अकरा वर्षं तिने विजेचे मीटर वाचले. जिन्याखालचे, पाण्याच्या टाकीमागचे, कोळ्याच्या जाळ्यात गुरफटलेले. दोनदा कुत्रा चावला. एकदा एका म्हाताऱ्याने चोर समजून तिला अर्धा तास कोंडून ठेवलं, आणि चूक कळल्यावर पाण्याचा तांब्या पुढे केला. पण ‘घर बंद’ हा शेरा तिने कधी सहजासहजी लिहिला नाही. शेजारी विचारायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं, खिडकीतून हाक मारायची. दार आहे म्हणजे ते उघडणारं माणूस कुठेतरी असणारच, हा तिचा हिशेब. पुढे मीटर आपले आपणच आकडे पाठवायला लागले आणि तिची नोकरी गेली.

त्याच सुमाराला एका मोठ्या इस्पितळाच्या नवजात विभागाला घरोघरी जाणारी बाई हवी होती. मुलाखत घ्यायला विभागाच्या प्रमुख डॉक्टर बसल्या होत्या. सगळे त्यांना नुसतं ‘मॅडम’ म्हणत.

“लहान मुलांचा अनुभव आहे?”

“माझी दोन मोठी झाली, तेवढाच. दारांचा अनुभव मात्र दांडगा आहे.”

मॅडम हसल्या नाहीत, पण तिला कामावर घेतलं. महिनाभरात अख्खा विभाग तिला मीटरताई म्हणू लागला.

काम काय आहे ते तिला वॉर्डच्या मोठ्या सिस्टरने समजावून सांगितलं. दोन-अडीच महिने आधी जन्मलेल्या बाळांच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या फार नाजूक असतात. पहिले तीन दिवस सगळ्यात धोक्याचे. बाळाला जरा जोरात हलवलं, मान एकदम वळवली, घाईघाईने रक्त काढलं, तर त्या फुटू शकतात. म्हणून या वॉर्डने दोन वर्षं एक नवी शिस्त पाळली होती. पहिले तीन दिवस बाळाचं डोकं सरळ आणि किंचित उंच ठेवायचं, उजेड कमी, आवाज कमी, आणि लंगोट बदलायचा तो दोघींनी मिळून.

मीटरताईने ते एकदा काचेबाहेरून पाहिलं. बाळ जेमतेम वीतभर. एका सिस्टरने दोन्ही तळव्यांत त्याचं डोकं आणि पाय धरून ठेवले, दुसरीने लंगोट काढला. कोणी श्वाससुद्धा मोठ्याने घेत नव्हतं. या शिस्तीने मेंदूतले रक्तस्राव कमी झाले, हे पहिल्याच वर्षी दिसलं होतं. पण पुढे काय? ती मुलं बसतात का, चालतात का, बोलतात का? त्यासाठी प्रत्येक मूल दोन वर्षांचं झालं की त्याला तपासायचं होतं. मुलांना आणायची जबाबदारी मीटरताईची.

एकशे चौसष्ट मुलांपैकी एकशे एक्केचाळीस आली. बरीचशी धावतच आली. एकाने मॅडमच्या टेबलावरचा शिक्का पळवला. मॅडम खुशीत होत्या. महिन्याभरावर मोठी परिषद होती, तिथे निकाल मांडायचे होते.

त्यांनी तेवीस कागदांचा गठ्ठा मीटरताईपुढे ठेवला. “हे राहिलेले. प्रत्येकावर ‘संपर्क होऊ शकला नाही’ लिहा आणि खाली सही करा.”

“पण मी गेलेच नाही यांच्याकडे.”

“तीनदा फोन लावला होता. नियम तेवढाच आहे.”

“फोन लावला, मॅडम. संपर्क केला नाही.”

मॅडमनी चष्मा काढला. “हे बघा, दीडशेतली वीस-बावीस मुलं गळतात. जगभर गळतात.”

“गळायला ती काय नळाचं पाणी आहेत? कुठल्यातरी घरात असतील ना! आणि मूल धडधाकट असेल तर आई हौसेने दाखवायला आणते. जिचं मूल बरं नाही, ती कशाला येईल? नेमकी तीच मुलं वगळली तर तुमच्या कागदावर सगळं छानच दिसणार.”

“आता तुम्ही मला संशोधन शिकवणार?”

“संशोधन तुमचं,” मीटरताई म्हणाली. “सही माझी.”

खोलीतल्या दोन शिकाऊ डॉक्टरांनी माना खाली घातल्या. मॅडमचा आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. गाडी मिळणार नाही, सोबत कोणी मिळणार नाही, महिनाअखेर करार संपतो आणि तो वाढवायचा की नाही ते आपल्या हातात आहे, हे सगळं त्यांनी शांतपणे ऐकवलं. मीटरताईने गठ्ठा पिशवीत घातला आणि ती बाहेर पडली.

घरी नवरा शिलाई मशीनवर बसला होता. सगळं ऐकून म्हणाला, “आधी कुत्रे चावायचे, आता डॉक्टर चावणार.”

“चावू देत. इंजेक्शनं घेतलेली आहेत.”

दुसऱ्या दिवसापासून ती बस बदलत आणि रस्ते तुडवत फिरू लागली. कोणी भाड्याचं घर बदललं होतं, कोणाचा फोन नंबर कागदावर चुकीचा उतरला होता. दूधवाल्याला, किराणावाल्याला विचारत विचारत तीन आठवड्यांत तिने एकोणीस घरं गाठली. काही मुलं ठणठणीत निघाली. आईबापांना कामातून सवड नव्हती, एवढंच. एका घरात तिला फक्त फोटो दाखवला गेला. बाळ सात महिन्यांचं होऊन गेलं होतं. तिथे तिने कागद पिशवीतून काढलाच नाही.

आणि एक दार चौथ्या मजल्यावरचं. लिफ्ट नव्हती. आतली बाई धुलाई केंद्रात चादरींना इस्त्री करायची. हातांवर भाजल्याचे जुने डाग. इस्पितळाचं नाव ऐकताच तिने दार ओढून घेतलं.

“मोजायला आलात?” फटीतून आवाज आला. “एकदा नेलं होतं पोरीला. चार तास बसवलं. मग एक पोरसवदा डॉक्टर कागद बघून म्हणाला, हिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. पोरीकडे बघितलंसुद्धा नाही हो त्याने! त्या दिवशी कानाला खडा लावला मी.”

“लावायलाच हवा होता,” मीटरताई म्हणाली आणि पायरीवर टेकली. “त्याचं थोबाड फोडलं नाहीत हे नशीब त्याचं.”

फट जरा रुंदावली.

“माझ्या पोरीला काय फायदा तुमच्या कागदाचा?”

“आज काहीच नाही. खोटं कशाला बोलू? पण तुम्ही त्यात नसलात, तर कागदावर सगळी मुलं पळताना दिसतील. मग पुढच्यांसाठी कोणी काही करणार नाही. गरजच नाही म्हणतील.”

दार उघडलं. सतरंजीवर, दोन उशांच्या मध्ये, सव्वादोन वर्षांची मुलगी रेलून बसली होती. जन्मली तेव्हा नऊशे ग्रॅमची, म्हणून आईने हौसेने नाव पाडलं होतं ढब्बू. पाय ताठ, एकमेकांवर चढलेले. डोळे मात्र मीटरताईच्या पिशवीवर.

“काय आणलंय?” ढब्बूने विचारलं.

“कागद.”

“खाऊ नाही?” आणि आईकडे वळून, “हिला जाऊ दे.”

मीटरताई इतकी हसली की तिला ठसका लागला. ढब्बूला जिन्यावरच्या पावलांवरून शेजारी ओळखता येत होते. पाणी मागताना ती ‘थंड’ आणि ‘माठातलं’ असा फरक करून मागत होती.

“लिहा,” आई म्हणाली, “पण नुसते पाय लिहून जाऊ नका. आणि तपासायचं असेल तर तुमच्या मॅडमना वर यायला सांगा. मी हिला उचलून खूप जिने चढले-उतरले.”

निरोप जसाच्या तसा मॅडमपर्यंत पोचला. मॅडम कडाडल्या. परिषद आठ दिवसांवर आली असताना यांच्या घरी चहाला जायचं का? मीटरताईने घरोघरी आईला विचारून भरलेले सतरा कागद समोर मांडले. मॅडम एकेक उलटू लागल्या, तसा त्यांचा हात हळू झाला. सातांवर गंभीर अडचणी लिहिलेल्या होत्या. शेवटी एका रविवारी सकाळी त्या स्वतः चार मजले चढल्या आणि दारात धापा टाकत उभ्या राहिल्या.

“बसा आधी,” ढब्बूची आई म्हणाली. “मी हे रोज दोनदा करते.”

मॅडम खाली सतरंजीवर बसल्या. तासभर त्यांनी ठोकळे, चित्रं, चेंडू सगळं करून पाहिलं. ढब्बूने ठोकळे रचले नाहीत, पण लाल ठोकळा मॅडमनी मुठीत लपवल्याचं तिने बरोबर ओळखलं. उठताना मॅडमनी विचारलं, “पायांचे व्यायाम कधीपासून चालू आहेत?”

“कोणी सांगितलेच नाहीत.”

ते चौथ्या महिन्यापासून हवे होते, हे मॅडमइतकं कोणाला ठाऊक असणार? इस्पितळाच्या नोंदीत शेरा होता, ‘पालकांनी येणं थांबवलं.’

परिषदेला मॅडम गेल्या नाहीत. सापडलेली मुलंही तपासून झाल्यावर निकाल पाच महिने उशिरा बाहेर आला. त्यात नव्या शिस्तीचा फायदा होताच, पण आधी वाटला त्यापेक्षा बराच कमी. ज्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता, त्या मुलांचे हाल आधीच्या आकड्यांपेक्षा कितीतरी जास्त होते. काही सहकारी नाराज झाले. चांगलं चित्र उगाच बिघडवलं म्हणाले. मॅडमनी एका बैठकीत त्यांना सुनावलं, “चित्र काढायला मी चित्रकार नाही.”

मीटरताईचा करार मात्र त्यांनी वाढवला नाही. चार महिने ती घरी नवऱ्याने शिवलेल्या कपड्यांना काज-बटणं करत होती. मग विभागाने ठरवलं की मेंदूला इजा झालेल्या प्रत्येक बाळाच्या घरी चौथ्या महिन्यापासून व्यायाम शिकवणारी ताई जाईल, आणि मॅडमचा फोन आला. फोनवर माफी वगैरे काही नव्हती.

“उद्यापासून येता का?”

“येते. एक अट आहे. तपासणीच्या कागदाला एक पान जोडायचं. ते आई भरणार, डॉक्टर नाही.”

“एकच पान,” मॅडम म्हणाल्या.

दोघींचं पुढेही फारसं पटलं नाही. पण पान जोडलं गेलं.

ढब्बू आता पाच वर्षांची आहे. व्यायाम उशिरा सुरू झाले, त्याची किंमत तिचे पाय मोजतातच. चाकांची चौकट धरून ती चालते, हळू चालते, आणि कोणी हात द्यायला पुढे आलं की खेकसते. पाच वर्षांची तपासणी झाली तेव्हा नवीन डॉक्टरने छापील यादीतून वाचलं, “आता एका पायावर उभी राहून दाखव.”

ढब्बूने चौकट सोडली. एक, दोन, तीन, चार असं मोठ्याने मोजत ती दोन्ही पायांवर उभी राहिली. पाचाला डगमगली आणि आईने पुढे केलेला हात ढकलून तिने स्वतःच चौकट पकडली.

“एका पायाचं तुम्ही करा,” ती डॉक्टरला म्हणाली. “मी बघते.”