चुलत की आते

आत्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी तिला महिनाभर वाचायला मनाई केली. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलेली बाई. सकाळी पेपर येऊन पडला की ती त्याची घडी हाताने चाचपायची आणि परत ठेवून द्यायची. मी तेव्हा रत्नागिरीत तिच्याकडे राहून घरून काम करत होते, त्यामुळे डोळ्यांत थेंब घालायचं काम माझ्याकडे होतं. चौथ्या दिवशी थेंब घालून झाल्यावर, डोळे मिटलेलेच ठेवून ती म्हणाली, "तू ते जाडं पुस्तक वाचतेस ना, ते सांग मला. मराठीत."

मला घामच फुटला. मी इंग्रजी शाळेत शिकलेले. लहानपणी एकदा मी तिच्यासमोर "माझी पाय दुखते" म्हणाले होते आणि ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली होती. तेव्हापासून तिच्याशी मी शक्यतो मान हलवून बोलत आले होते. आता तिला माझी मान दिसत नव्हती.

पुस्तक दीडशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमधलं होतं. माळावरचं मोठं घर, घरातली एकुलती एक मुलगी, तिचं एका तरुण डॉक्टरशी ठरलेलं लग्न. लग्नाच्या आदल्या दिवशी तिच्या आईचा हार नाहीसा होतो, संशय त्या डॉक्टरवर येतो आणि लग्न मोडतं. मी रोज सकाळी पुढचं प्रकरण वाचून ठेवायचे आणि दुपारी तीन वाजता पडवीत बसून सांगायचे. शेजारच्या काकू ओले काजू सोलायला घेऊन यायच्या. चीक लागू नये म्हणून हाताला तेल लावून त्या बसल्या की मी सुरू करायचे.

पहिल्याच दिवशी मी म्हणाले, "आणि घरात तिचा कझिन राहत असतो."

"कझिन म्हणजे कोण?" आत्याने लगेच अडवलं. "चुलत, मामे, आते, मावस?"

पुस्तकात तोवर सांगितलेलं नव्हतं. माहीत नाही म्हणायची मला लाज वाटली.

"चुलत," मी म्हणाले.

हळूहळू मला जमायला लागलं. शब्द अडला की आत्या पुरवायची, पण हसायची नाही. गोष्ट मध्यावर आली तोवर दोघींचे चोर ठरले होते. आत्याचं बोट घर सांभाळणाऱ्या बाईकडे होतं. काकू म्हणत होत्या, "तो भाऊच. मेला फार गोड बोलतो."

"अगो, चुलतभाऊ म्हणजे भाऊच," आत्या म्हणाली. "बहिणीचं लग्न मोडून भावाला काय मिळणार? डोकं चालव जरा."

काकूंनी तरी आपला चोर बदलला नाही. जी हरेल तिने नारळाच्या गोड रसातल्या खापरोळ्या करायच्या, असं ठरलं.

त्यानंतर दोनच दिवसांनी सकाळी मी ते पान वाचलं. बागेत कझिन त्या मुलीसमोर गुडघे टेकतो आणि लग्नाचं विचारतो. हे आपल्या आईचं माहेर आहे, इथेच कायमचं राहू दे, म्हणतो. म्हणजे तो तिच्या आत्याचा मुलगा होता. दुपारी हे सांगायचं तर आधी माझी चूक कबूल करावी लागणार होती, शिवाय प्रेमाचं बोलणं आत्यासमोर मराठीत बोलावं लागणार होतं. मी ते पान गाळलं. त्या दिवशी बागेत नुसता पाऊस पाडला.

शेवटच्या प्रकरणात हार कझिनच्या पेटीत सापडला.

दुपारपर्यंत माझं कामात लक्ष नव्हतं. चोर बदलणं सोपं होतं. हार घर सांभाळणाऱ्या बाईच्या ट्रंकेत सापडला म्हटलं असतं, तर आत्या खूश झाली असती आणि पुस्तक तपासायला घरात दुसरं कोणी नव्हतं. पण मग काकू बिचाऱ्या बरोबर असून खापरोळ्या करत बसल्या असत्या. आणि महिनाभर आत्याने माझा शब्द न् शब्द खरा धरला होता.

तीन वाजता दोघी नीट बसल्या. मी म्हणाले, "तो चुलतभाऊ नव्हता. आतेभाऊ होता. मी चुकीचं सांगितलं. त्याने तिला लग्नाचंही विचारलं होतं. ते मी गाळलं."

काकूंच्या हातातला काजू तसाच राहिला. आत्या गडद चष्म्याआडून माझ्याकडे बघत होती की नाही, कळेना.

"आतेभाऊ," ती सावकाश म्हणाली. "म्हणजे ती त्याच्या मामाची मुलगी. मग हक्कच समजणार तो! अगो, हे पहिल्या दिवशी सांगितलं असतंस तर मी तिथेच पकडला असता त्याला."

"पुस्तकात नुसतं कझिन होतं."

"सगळ्यांना मिळून एकच शब्द? मग चोऱ्या होतील नाही तर काय होईल त्यांच्याकडे!"

"शब्दाचं राहू दे," काकू म्हणाल्या. "खापरोळ्या कधी?"

"करीन गो. रविवारी ये." मग आत्या माझ्याकडे वळली. "आत्याचा मुलगाच चोर, म्हणून लपवत होतीस की काय?"

"नाही," मी म्हणाले. "लाज वाटली."

"बरं. आता ते गाळलेलं पान सांग. काही सोडू नकोस."

मी पुस्तक उघडलं. गाल तापले होते, पण सुरुवात केली. "तो बागेत आला. इकडेतिकडे बघितलं आणि तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला."

"का?" काकूंनी विचारलं. "काय पडलं त्याचं?"

आत्या हसायला लागली, अगदी "माझी पाय दुखते"च्या वेळी हसली होती तशी. चष्म्याखालून पाणी ओघळलं. मलाही हसू आवरेना.

"आत्या, हसू नकोस," मी म्हणाले. "डोळ्याला ताण येईल."

"येऊ दे," ती म्हणाली. "पुढे सांग. ती काय म्हणाली त्याला?"