डोंग्याची मोटर आणि बुडालेला मारोती

बाईनं दोरी ओढायची नसते, हे मला पहिल्यांदा सासरी कळलं. कपाशीवर फवारायचा पेट्रोलचा पंप होता, दोरी ओढून सुरू करायचा. नवऱ्यानं वीसेक झटके मारले आणि पंपाच्या सात पिढ्या उद्धरून तो बांधावर बसला. मी पाण्याची घागर खाली ठेवली, चोक ओढला आणि दुसऱ्या झटक्याला पंप सुरू केला. शेजारच्या वावरातले दोन गडी हसले. ते कोणाला हसले देव जाणे, मार मात्र संध्याकाळी मला पडला. असल्या संसाराची तीन वर्षं काढून मी माहेरी आले.

माहेर दिग्रसकडचं. धरणानं जुनं गाव बुडवलं आणि नवं गाव टेकाडावर बसवलं, पण दिग्रसची एसटी जिथून जाते तो रस्ता पाण्याच्या पलीकडे राहिला. बाजार असो की दवाखाना, पाणी ओलांडायचं, नाही तर अर्धा दिवस वळसा घालायचा. आम्ही भोई. माणसं उतरवायचा हक्क, ज्याला आमच्याकडे घाट म्हणतात, माझ्या बाबांकडे होता. मी परत आले तेव्हा त्यांचा उजवा खांदा कामातून गेलेला. हात कानाच्या वर जाईना. लाकडी डोंगा माणसांनी भरला की वल्हं मारताना ते ओठ चावायचे आणि लोक घाई करायचे.

गावात एका म्हाताऱ्या पंचांचा शब्द चालायचा. त्यांना सगळे काका म्हणत. ते एकदा ओट्यावर येऊन बाबांना म्हणाले, "तुह्यानं आता होत नाही. खालच्या गावचा एक जण मशीनची नाव आणून राह्यला. घाट त्याले देऊन टाकू."

बाबा खांदा चोळत बसले. मला ते बघवेना. मी आतून बाहेर आले आणि म्हटलं, "मशीनच पाह्यजे ना? मी आणतो मशीन."

"तू?" काका म्हणाले. "अन् चालवन कोण?"

"मीच."

काका हसले नाहीत, एवढा त्यांचा मोठेपणा. "आण मंग. पाहू," म्हणाले आणि गेले.

गळ्यातलं डोरलं मोडलं. ज्याच्या नावाचं होतं त्याची मला आठवण नको होती आणि सोन्याला लाज नसते. उमरखेडला एका भंगारवाल्याकडे नावेला मागून लावायची जुनी मोटर पडली होती. रंग उडालेला, एक मूठ तुटलेली, पण पंख्याची पाती शाबूत. भंगारवाल्यानं ती पाण्याच्या ड्रममध्ये उभी करून मला शिकवली. पेट्रोलमध्ये ऑइल किती, ते मला फवारणीच्या पंपामुळे ठाऊक होतं. गिअर मधोमध ठेवायचा, चोक ओढायचा, दोरी आधी हळू ओढायची आणि अडल्यासारखी लागली की मग जोरात. सुरू झाली की मागं बघायचं. मोटरच्या अंगातून पाण्याची बारीक धार पडली पाहिजे, म्हणजे ती गार राहते.

"मुतली तर चालू ठेवायची," तो म्हणाला. "नाही मुतली तर लगेच बंद. नाही तर जळते."

मोटर मी गोधडीत गुंडाळून एसटीत घातली. कंडक्टरनं आत काय म्हणून विचारलं. मी म्हटलं, "माह्या बापाचा खांदा." त्यानं सामानाचं तिकीट फाडलं आणि पुढं गेला.

पहिल्याच दिवशी मोटर सुरू झाली. मी मागं वाकून धार पाहिली आणि ओरडले, "बाबा, मुतली." काठावरच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. पण अर्ध्याच्या बरंच पुढं गेलो आणि मोटर खोकली, धापा टाकायला लागली, बंद पडली. मी दोरी ओढून ओढून दमले. शेवटी पेट्रोल संपलं की काय म्हणून टाकीचं झाकण उघडून पाहिलं. पेट्रोल होतं. झाकण लावलं, दोरी ओढली, आणि ती सुरू झाली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच, आणि अगदी त्याच जागी.

त्या जागेखाली जुन्या गावाचा मारोती होता. पाणी उतरलं की त्याच्या देवळाचा कळस दिसायचा. झालं, गावाला कारण सापडलं. मारोती ब्रह्मचारी, त्याच्या डोक्यावरून बाई मशीन घेऊन जाते, तो कसा जाऊ देईल? एक बाई मला म्हणाली, "तू नारळ फोड वं पोरी, अन् मोटर बापाच्या हाती दे." मी नारळ फोडला, खोबरं खाल्लं आणि मोटर माझ्याच हाती ठेवली.

त्या वर्षांत कापसानं आमच्या जिल्ह्याचं नाव लांबवर पोचवलं होतं आणि शहरातले लोक कॅमेरे घेऊन आमच्याकडचं दुःख पाहायला यायचे. त्यातला एक जण डोंग्यात असतानाच मोटर बंद पडली. वेळ होता म्हणून त्यानं माझ्या मोकळ्या गळ्याकडे पाहत हळू आवाजात विचारलं, "तुमचे मालक कशानं गेले?"

मी म्हटलं, "ते कुठं नाही गेले. मीच निघून आलो."

त्यानं कॅमेरा पिशवीत घातला. मला त्या माणसाचा राग आला नाही, पण आमच्याकडे बघणारा प्रत्येक जण आधीच रडवेलं तोंड करून येतो, याचा फार यायचा.

आठवड्यानं काका घाटावर आले. "येत्या बाजाराले भरल्या डोंग्यानं जाऊन-येऊन दाखव," म्हणाले. "मी सोता डोंग्यात बसतो. मधातच बंद पडली तं घाट दुसऱ्याले."

मी पाण्याकडे बघत विचार करत बसले. मारोती अडवतो म्हणता ना, मग येताना मोटर कुठं बंद पडते? येताना ती मारोतीच्या कितीतरी अलीकडे, आपल्या काठाजवळ बंद पडायची. जाताना पलीकडच्या काठाजवळ, येताना आपल्या. मारोती काय जागा बदलतो? तो बिचारा पाण्याखाली एका जागी बसलेला. म्हणजे जागेचा संबंध नव्हता, वेळेचा होता. दोन्हीकडून निघाल्यावर सारख्याच वेळानं तिचा श्वास संपत होता. देवाची सुटका झाली, पण माझी झाली नाही, कारण श्वास का संपतो ते मला कळत नव्हतं.

बाजाराच्या दिवशी डोंगा भरला. काका मधोमध, बाबा पुढं वल्हं घेऊन. मारोतीच्या जागी मोटर खोकली आणि थांबली. कोणीतरी हसलं. बाबांनी वल्ह्याकडे हात नेला.

"बाबा, वल्ह्याले हात लावू नका," मी म्हटलं.

मी झाकण फिरवलं. लोक गप्प होते म्हणून असेल, त्या दिवशी मला पहिल्यांदा आवाज आला. फुस्स. टाकीनं हवा आत ओढली. तहानलेलं जनावर पाणी ओढतं तशी.

झाकणाच्या डोक्यावर एक छोटा स्क्रू होता. दर खेपेला निघण्याआधी पेट्रोल पाहून झाकण लावलं की तो मी बोटं दुखेपर्यंत आवळत होते. हवा आत गेल्याशिवाय पेट्रोल खाली उतरत नाही, आणि ती हवा जायची वाट मीच बुजवत होते. आणि का, तर सवय. कपाशीच्या घरात राहिलेल्या बाईला विचारा. त्या वर्षांत फवारणीच्या औषधाचा डबा घरात आला की आम्ही त्याचं झाकण दोनदा आवळायचो, माळ्यावर लपवायचो, रात्री उठून पुन्हा चाचपायचो. घरातला माणूस जेवताना बोलला नाही तर आणखी एकदा. माझे हात तेच करत होते. मोटरचं मला काही कळत नाही असं गाव म्हणत होतं, पण मोटर बंद पाडत होती ती धास्ती. मला त्या क्षणी रडू आलं आणि संतापही आला, आणि मी तो स्क्रू चार फेरे सैल करून सोडला.

दोरी ओढली. मोटर लागली ती पलीकडच्या काठालाच थांबली, तीही मी थांबवली म्हणून.

येतानाही खोकली नाही. मारोती मागं पडला, रोज बंद पडायची ती दुसरी जागाही मागं पडली. काका पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. आमचा काठ दिसायला लागला, तिथं पंचायतीचे बाकीचे लोक उभे होते. काका बाबांना म्हणाले, "घाट तुह्याच नावानं राह्यला, बाप्पा. खुश?"

मी मोटर बंद केली.

"पडली काय बंद?" काका दचकून म्हणाले.

"पडली नाही. मी केली. घाट कोनाच्या नावानं, ते इथंच सांगा."

"अवं, लोकं पाहून राह्यले."

"पाहू द्या."

डोंगा पाण्यावर हळूहळू फिरायला लागला. बाया एकमेकींकडे बघेनात. काकांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी वल्हं उचललं, आडवं ठेवलं आणि त्याच्यावर बसले.

 काका पुटपुटले, "तुह्या नावानं. चाल आता."

"मोठ्यानं बोला, काका," मी म्हटलं. "काठावर ऐकू गेलं पाह्यजे."

काका मोठ्यानं बोलले.