खिशातली कापडी पिशवी

सांगवीच्या मंडईत एक म्हातारे बाबा रोज दिसायचे. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. सदऱ्याच्या खिशात कायम घडी घातलेली कापडी पिशवी असायची.

एकदा सर्वेक्षणाला आलेल्या कॉलेजच्या मुलीने त्यांना विचारलं, "बाबा, प्लास्टिकच्या पिशव्या वापरता?"

"न्हाई. आमच्या घरात कापडीच," ते ठामपणे म्हणाले. तिने तसं लिहून घेतलं.

भाजीवाली हसली. "मग हातात काय हाय, बाबा?"

हातात मेथीची कॅरीबॅग होती. बाबांनी त्या कॅरीबॅगकडे पाहिलं. मग खिसा चाचपत म्हणाले, "बाजार आमची मंडळीच करायची. गेली ती. ही तिनंच शिवलेली. मळंल म्हणून काढत न्हाई."

मुलीने खोडायला पेन टेकवलं आणि तसंच उचललं.