अप्पांचा डावा गाल

आमचे अप्पा, म्हणजे माझे सासरे, माणसाची पारख त्याच्या दाढीवरून करत. मला बघायला आले तेव्हा त्यांनी माझं शिक्षण विचारलं नाही, की स्वयंपाक येतो का विचारलं नाही. सगळा वेळ माझ्या भावाच्या गालांकडे बघत बसले आणि पोहे संपल्यावर त्याला म्हणाले, "डब्यातला फेस फवारतोस ना रे? गाल बघ कसे फुटलेत." असा सासरा मिळणार म्हणून आई धास्तावली. मला मात्र हसू आवरेना, आणि माझं लग्न बहुधा तिथेच ठरलं.

अप्पा मूळचे इगतपुरीकडचे, नोकरी ओझरच्या विमान कारखान्यात, घर नाशिकला. पहाटे बस पकडायची असली तरी दाढीशिवाय ते कधी उंबऱ्याबाहेर पडले नाहीत. कामाच्या दिवशी साबणाची कांडी ओल्या गालावर फिरवायची आणि ब्रशने फेस तिथल्या तिथे उठवायचा. प्रवासात असले तर तळहातावर. रविवारी मात्र वाटी निघायची. तळाशी साबणाची वडी, वर बेताचं गरम पाणी, आणि मग ताक घुसळावं तसा ब्रश फिरत राहायचा. गालावरचा फेस घाईचा, तळहातावरचा अडचणीचा आणि वाटीतला सुखाचा, अशी त्यांनी प्रतवारीच लावून टाकली होती. "पातं काय, नुसता झाडू मारतं. दाढी फेसच करतो," हे वाक्य तर पाहुण्यांनाही पाठ होतं. निवृत्तीनंतर त्यांना रोजच रविवार झाला.

फेसाइतकाच त्यांचा जीव पाण्यावर. आमच्या सोसायटीत वापरायला बोअरचं पाणी, बादलीला पांढरा थर धरणारं. "ह्या पाण्याला फेस येत नाय, साबण फाटतो नुसता," म्हणत ते सकाळी नळाचं पाणी दाढीसाठी वेगळ्या तांब्यात भरून ठेवायचे, नेमकं देवाच्या तांब्याशेजारी. एकदा सासूबाईंनी चुकून दाढीच्या तांब्यानेच देवांना अंघोळ घातली. अप्पा शांतपणे म्हणाले, "असू दे, देवाची बी दाढी मऊ होईल." सासूबाई दिवसभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

सासूबाई गेल्या, आणि त्यानंतरच्या पावसाळ्यात अप्पांना पक्षाघात झाला. डावा हात, डावा पाय गेला. वाचा शाबूत, उजवा हात ठणठणीत. दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांनी पहिली मागितली ती वाटी. सुधीरने, माझ्या नवऱ्याने, त्यांना आरशासमोर बसवलं. अप्पांनी एका हाताने फेस केला, अगदी पूर्वीसारखा, साईसारखा. मग उजव्या गालाला लावला, अर्ध्या हनुवटीला लावला, तेवढीच दाढी केली आणि पंच्याने तोंड पुसून म्हणाले, "झाली."

डावा गाल पांढऱ्या खुंटांनी भरलेला, तसाच.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की त्यांची डावी बाजू नुसती लुळी पडलेली नाही, डावीकडे काही आहे हेच त्यांच्या मेंदूला कळेनासं झालंय. मग आमच्या एकेक गोष्ट ध्यानात येऊ लागली. ताटातली भाजी संपायची, चटणी-कोशिंबिरीला हातही लागायचा नाही, आणि वर तक्रार, "कोशिंबीर का केली नाय?" मी ताट फिरवून ठेवायला शिकले. माणसाचा चेहरा कसा फिरवणार?

सुधीरला ते बघवत नव्हतं. एक दिवस तो चिडून म्हणाला, "अप्पा, अर्धी दाढी राहिलीय तुमची!" अप्पांना वाटलं, पोरगं थट्टा करतंय. सुधीरने त्यांचा उजवा हात धरून डाव्या गालावर ठेवला. हाताला खुंट लागले आणि अप्पांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा झाला. "हे कुणाचं हाय?" त्यांनी विचारलं. मग वाटी भिंतीवर फेकून दिली. पुढे कितीतरी दिवस ना दाढी, ना धड जेवण. भिंतीकडे बघत पडून असायचे. आपण आपली दाढी करतो, एवढीच एक गोष्ट त्यांच्याजवळ उरली होती आणि तीच आम्ही काढून घेतली होती. हा माणूस आता असाच संपणार, या भीतीने माझी झोप उडाली.

शेवटी मीच चेपलेली वाटी घासून त्यांच्यापुढे ठेवली. म्हटलं, "अप्पा, नळाचं पाणी आणलंय." बराच वेळ त्यांनी तांब्याकडे पाहिलं. मग ब्रश उचलला.

त्या दिवसापासून एक रिवाजच पडला. उजवी बाजू उरकली की अप्पा डोळे मिटून सावकाश तुरटी फिरवत बसायचे. तेवढ्यात मी त्यांच्या डाव्या हाताला बसून डावी बाजू करायची. त्या गालाला स्पर्शही कळत नव्हता. फेस मला वेगळा करावा लागला नाही. वाटीत तो रोज उरायचाच. डोकं विसरलं होतं, पण हात अजून दोन्ही गालांच्या मापाने फेस करत होता. दाढी झाली की सुधीर म्हणायचा, "वा अप्पा, गुळगुळीत!" आणि अप्पा म्हणायचे, "फेस हाय बाबा, फेस."

एकदा मी त्यांच्या डाव्या गालावर पातं फिरवत असताना ते म्हणाले, "सूनबाई दाढीच्या वक्ताला कधी जवळ नसती. कुठं जाती काय म्हाईत."

"इथेच आहे ना मी, अप्पा."

आवाज ऐकून ते वळले, पण उजवीकडे. स्वयंपाकघराच्या रिकाम्या दाराकडे बघत राहिले. "कुठं? दिसत तर नाय."

मी पातं पाण्यात बुचकळलं आणि डाव्या गालावरचा राहिलेला फेस काढला.

मागच्या थंडीत एका सकाळी अप्पा उठलेच नाहीत. शेजारपाजारचे जमले. अंघोळ घालण्याआधी दाढी करावी असं कुणीतरी म्हणालं, आणि सुधीर स्वतःचा फवाऱ्याचा डबा घेऊन आला. मी तो परत ठेवायला लावला. आदल्या दिवशीचा तांब्या भरलेला होता. फेस पहिल्यांदाच मला करावा लागला. खूप घुसळलं, तरी पातळच झाला. अप्पांनी नावं ठेवली असती.

डावा गाल मी सवयीने केला. मग वाटी उचलून दुसऱ्या बाजूला गेले. दाढीच्या वेळी त्या बाजूला मी कधीच बसले नव्हते, तो गाल त्यांचा होता. तिथून मी त्यांना दिसले असते.