विरजण आणि चीफ केमिस्ट

“मॅडम, तुमचं औषध चालत न्हाई. क्यान उचला.”

फलटणकडच्या एका साखर कारखान्याचे चीफ केमिस्ट मोहिते साहेब. चहा सोडाच, बसासुद्धा म्हणाले नाहीत.

मी कारखान्यांना एन्झाइम विकते. हे होतं अमायलेज. उसाच्या रसात थोडा स्टार्च असतो. हिरवं वाढं, म्हणजे शेंडा, नीट न छाटता ऊस आला की जास्तच. मग पाक चिकट होतो आणि साखरेचा दाणा धरायला वेळ लागतो. अमायलेज तो स्टार्च तोडतं. या भागातल्या माझ्या आधीच्या ट्रायल फसल्या होत्या. हीसुद्धा फसली तर बदली गोरखपूरला, असं बॉसनं स्वच्छ सांगितलं होतं. नवरा सांगलीत, सासूबाई सांगलीत, आणि मी गोरखपूरला. रडू यायचं बाकी होतं.

कारखान्याच्या लोकांना ट्रेनिंग मी मन लावून दिलं होतं. ग्रीकमध्ये ‘अमायलॉन’ म्हणजे जात्यावर न दळता मिळालेलं. कुरडयांसाठी गहू भिजवून चीक काढतो, तसा तेही काढायचे. त्यावरून स्टार्चला ते नाव पडलं. शेवटचं ‘एज’ आलं ‘डायास्टेज’वरून, म्हणजे वेगळं करणं. डोस कुठे टाकायचा ही स्लाइड शेवटी होती. तेवढ्यात भजी आली आणि हॉल रिकामा झाला.

“टाकलं कुठे होतं?” मी विचारलं.

“रस उकळतोय तितं. गरमात केमिकल जोरात चालतंय.”

माझं डोकंच फिरलं.

“साहेब, एन्झाइम शब्दही ग्रीक आहे.”

मोहित्यांनी दाराकडे पाहिलं.

“एन म्हणजे आत, झायमी म्हणजे आंबवण. आंबवणाच्या आत असतं ते एन्झाइम. घरी उकळत्या दुधात विरजण लावता का?”

“न्हाई. दही लागंल कसं मग?”

“तसंच झालं आपलं.”

रस आटवायची बंद भांडी ओळीनं असतात. शेवटच्या भांड्यात व्हॅक्यूम असतो, म्हणून तिथे रस कमी उष्णतेवर उकळतो. डोस तिथे हलवला. पुढच्या शिफ्टला पाक सैल झाला, दाणाही वेळेत धरला. मोहिते साहेबांनी स्वतः खुर्ची पुढे केली.

ऑर्डरवर सही घ्यायला आम्ही एमडींच्या केबिनमध्ये गेलो. एमडींनी विचारलं, आधी का चाललं नव्हतं?

“साहेब, एन्झाइम म्हंजी ग्रीकमधी विरजणच की,” मोहिते म्हणाले. “उकळत्यात घालून कसं चालंल? ह्या कंपनीवाल्यांस्नी म्हाईतच नव्हतं. मी सांगितलं.”

एमडींनी पेन उघडून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “हो सर. मोहिते साहेबांमुळे कळलं.”

सही झाली. सेल्समध्ये ज्ञान कुणाचं, हा वाद सही होईपर्यंत काढायचा नसतो. नंतर तर मुळीच नाही.