खड्ड्यातली फांदी

तिचं नाव मी कधी विचारलं नाही. शिरवण्याच्या वळणावर ती मासळी विकायची. तिथेच पाण्याने भरलेल्या एका खड्ड्यात माझ्या हातून मालकाच्या गाडीचं चाक मोडलं. मालक म्हणाले, "रस्ते खात्याच्या ऑफिसातून भरपाई आण, नाहीतर परत जालन्याला जा."

सातवीत शाळा सुटलेला मी, साहेबांपुढे नुसता घाम पुसत होतो. तेवढ्यात ती मासळीची पाटी घेऊन आत आली.

"पोराची चूक नाय. खड्डा दिसावा म्हनून रोज मीच त्यात फांदी खोचते. त्या दिशी मना उशीर झाला."

"फांदी लावणं तुमचं काम आहे का?" साहेबांनी विचारलं.

"नाय, तुमचा हाय."

भरपाई मिळाली, नोकरी वाचली. तिला वळणावर गाठून मी विचारलं, "मावशी, माझ्यासाठी कशाला आलीस?"

ती दुसऱ्या खड्ड्यासाठी फांदी तोडत होती. पदराला हात पुसून म्हणाली, "ही धर. जा, खोचून ये."