पोरगी घरी नाही

धावणं हा माझा छंद नाही, धंदा आहे. लांब पल्ल्याच्या शर्यती पळते. आणि धंदा म्हटला की सरकार आलंच. रोज एक तास मी नेमकी कुठे सापडेन, हे सरकारच्या डोपिंगविरोधी खात्याला आधी कळवून ठेवावं लागतं. त्या तासात त्यांची माणसं न सांगता येतात आणि लघवीचा नमुना घेऊन जातात. वर्षभरात तीनदा सापडले नाही, तर उत्तेजक औषधाला हातही न लावता बंदी. माझं त्या वर्षात दोनदा हुकलं होतं. एकदा रेल्वे लेट झाली, एकदा सराव शिबिर ऐन वेळी दुसरीकडे हलवलं.

या नियमाचा मला राग येतो, पण तो नसता तर मी पळणं केव्हाच सोडलं असतं. एका शर्यतीत एक बाई माझ्या पुढून अशी ताजीतवानी गेली, जणू आत्ताच झोपून उठली होती. पुढे ती चाचणीत सापडली. त्या दिवशी मला किती बरं वाटलं, ते सांगायला मला लाज वाटत नाही.

भाताच्या रोवणीच्या दिवसांत मी करडीला, आमच्या गावी, घरी आले होते. माझा तास सकाळी सहा ते सात. आईबाबा भाताची रोपं, म्हणजे पऱ्हे, उपटायला शेतातल्या बांधीत गेलेले, घरी काकू आणि मी. मी मागच्या न्हाणीतून ओल्या केसांनी बाहेर आले, तर काकू चुलीपुढे मोठ्या खुशीत बसलेली.

"दोघं जणं आले होते, एक बाई न एक माणूस. तुले पुसत होते," ती म्हणाली. "म्या सांगतलं, पोरगी घरी नाही, नागपूरले गेली. देल्लं हाकलून!"

म्हणजे माझं तिसऱ्यांदा हुकलं. पण काकूला बोलणार काय? आमच्याकडे ही रीतच आहे. जंगलखात्याचा माणूस येवो की विजेचा, ज्याचं नाव विचारतील तो कालच गावाला गेलेला असतो. हे कुणी कुणाला शिकवत नाही. त्यात काकाला एकदा सरपणाच्या मोळीपायी उचलून नेलं होतं, तेव्हापासून काकू या कामात फारच पटाईत.

मी अनवाणी पळत सुटले. बंदी लागेल ती लागेल, पण लोक म्हणतील, काही घेत असेल म्हणूनच लपली. ते मला सोसलं नसतं.

चौकात चहाच्या टपरीपुढे पांढरी गाडी उभी होती. अधिकारी बाई हातात चहा घेऊन गाडीला निवांत टेकलेल्या. ओळखपत्रासाठी खिसे चाचपत मी म्हणाले, "मॅडम, मी घरीच होते, न्हाणीत! काकूनं..."

त्या हसायलाच लागल्या. "काकूंनी तुला नागपूरला पाठवलं, या चहावाल्यांनी पुण्याला. आणि त्या बाकावरच्या आजोबांनी तर लग्न लावून गोंदियाला नांदायला धाडलं. इतक्या गावी गेलेली मुलगी घरीच असते. तास संपायच्या आत परत तुझ्या दारात येणारच होतो."

"आमाले का मालूम, तुमी चांगले लोकं हा म्हणून," चहावाला पुटपुटला.

घरी आलो, तर आता लघवी होईना. काकूनं गडवाभर ताक आणलं. मी नको म्हटलं. अशा वेळी बंद बाटलीतलंच प्यायचं, असं आम्हाला बजावलेलं असतं. काकूचं तोंड उतरलं. "माह्या हातचं चालत नाही तुले?" आमच्या गावात यापेक्षा मोठा अपमान नाही.

अधिकारी बाईच म्हणाल्या, "मावशी, उद्या नमुन्यात काही निघालं, तर घरच्या माणसावर बोट जाऊ नये म्हणून हे." काकूनं ताक ठेवून दिलं आणि ती तिथंच दाराशी बसली. त्यांनी दिलेलं बंद बाटलीतलं पाणी पिऊन मी नमुना दिला, मग नमुन्याच्या बाटल्या निवडून त्यांत तो ओतला आणि माझ्याच हातांनी झाकणं घट्ट बंद केली. ते सगळं ती टक लावून पाहत होती.

गाडी गेल्यावर तिनं विचारलं, "आज ते तसेच चालले गेले असते त?"

"बंदी लागली असती. आणि चोर ठरले असते."

"मले आंधी काहून नाही सांगतलं वं?" तिचे डोळे भरले. मी तिच्याजवळ बसले. ती गाडी गेलेल्या वाटेकडे पाहत होती.

"सरकारचा माणूस घरी येते तो काही ना काही कसूर काढाले," ती म्हणाली. "आपल्या पोरीनं काही केलं नाही, हे पाहाले कोणी इतक्या दूर येते, हे मी आज पयल्यांदा पाहून राहिली."